लांबी सांगतंय कोण? पॅकेट वाचणाऱ्या सॉफ्टवेअरमधल्या मेमरीच्या चुका

‘पीकॅप पाठवा.’ बीकेसीतल्या ऑफिसात ॲप अडकायला लागलं की ऐरोली-महापेच्या डेटा सेंटरमधल्या टीमकडे जाणारा पहिला निरोप बहुतेक वेळा हाच असतो. सर्व्हरवर दोन मिनिटं टीसीपीडंप हे तारेवरून जाणारी पॅकेटं, म्हणजे डेटाचे छोटे गठ्ठे, टिपणारं साधन चालवायचं, तयार झालेली फाइल, म्हणजेच पीकॅप, शेअर्ड फोल्डरात टाकायची आणि दुसऱ्या टोकाला कुणीतरी ती वायरशार्कमध्ये, म्हणजे पॅकेटं उलगडून दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये, उघडायची. अनोळखी एक्सेल फाइल आली तर हल्ली सगळेच दोनदा विचार करतात. पीकॅपच्या बाबतीत तो विचार होत नाही. ‘यात काय, नुसती पॅकेटं तर आहेत, आणि पाठवलीय आपल्याच माणसाने.’

फाइल आपल्या माणसाने पाठवली हे खरं, पण आतला मजकूर त्याने लिहिलेला नसतो. त्या दोन मिनिटांत त्या तारेवर ज्या कुणी काही पाठवलं, त्या सगळ्यांचे बाइट जसेच्या तसे आत बसलेले असतात. त्यातलं एखादं पॅकेट मुद्दाम वाकडं बनवून कुणी सोडलं असेल, तर तेही त्यात आलं. सर्व्हरने ते केव्हाच फेकून दिलं असेल, पण तुमचा वायरशार्क ते शेवटच्या बाइटपर्यंत मन लावून वाचणार. त्याचं कामच ते.

फाइल आतून

जुन्या पद्धतीच्या पीकॅप फाइलच्या सुरुवातीला २४ बाइटचं हेडर असतं. पहिले ४ बाइट ओळखखुणेचे: ‘ए१ बी२ सी३ डी४’ किंवा उलट क्रमाने ‘डी४ सी३ बी२ ए१’. फाइल लिहिणारं मशीन बाइट कुठल्या क्रमाने लावतं ते यावरून कळतं. पुढे आवृत्ती (२.४), जवळपास नेहमी शून्य असणारे दोन रकाने, मग स्नॅपलेन, म्हणजे एका पॅकेटचे जास्तीत जास्त किती बाइट ठेवायचे ती मर्यादा, आणि शेवटी लिंकचा प्रकार. तिथे १ असेल तर इथरनेट. यानंतर प्रत्येक पॅकेटच्या आधी १६ बाइटची एक चिठ्ठी येते: सेकंद, मायक्रोसेकंद, पकडलेली लांबी, मूळ लांबी. प्रत्येकाला ४ बाइट.

या चिठ्ठीतले शेवटचे दोन रकाने हेक्समध्ये (१६ च्या पायावरच्या आकड्यांत) असे दिसले समजा: ‘६० ०० ०० ००’ आणि ‘ईए ०५ ०० ००’. कमी किमतीच्या स्थानाचा बाइट आधी या क्रमाने वाचलं तर पहिला आकडा ९६ आणि दुसरा १५१४. म्हणजे तारेवरून १५१४ बाइटचं पॅकेट गेलं, पण कॅप्चर करणाऱ्याने जागा वाचवायला त्यातले पहिले ९६ च ठेवले. यात गैर काही नाही, रोज होतं. नुसती हेडरं पाहायची असतील तर लोक मुद्दाम स्नॅपलेन कमी ठेवतात.

आता पॅकेटच्या आत शिरू. पहिले १४ बाइट इथरनेटचे. मग आयपीचं हेडर, आणि त्यात आणखी एक लांबी लिहिलेली: १५००. तीही खोटी नाही. पॅकेट तारेवर असताना ते तेवढंच होतं. पण आपल्या हातात ९६ वजा १४, म्हणजे ८२ बाइटच आहेत. ज्या कोडने आयपीच्या १५०० वर विश्वास ठेवून वाचायला सुरुवात केली, ते आपल्या जागेच्या पुढचे १४१८ बाइट वाचून येईल. ते कुणाचे? मेमरीत शेजारी जे काही असेल त्याचे.

म्हणून या विषयात एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारावा लागतो: ही लांबी सांगतंय कोण? चिठ्ठीतली लांबी फाइल सांगते, आयपीची पॅकेट सांगतं, त्याच्या आतल्या प्रत्येक प्रोटोकॉलची (दोन मशीनांच्या संभाषणाच्या नियमांची) तो तो प्रोटोकॉल सांगतो. हे सगळे दावे झाले. प्रत्यक्ष किती बाइट वाचून मेमरीत आले तो एकच आकडा आपला स्वतःचा. चिठ्ठीतल्या ९६ वरसुद्धा डोळे मिटून विसंबता येत नाही, कारण त्यानंतर ४० बाइटवर फाइल संपलेली असू शकते. किंवा तिथे चार अब्जांच्या घरातला आकडा लिहिलेला असू शकतो. वाचणाऱ्याने ‘बरं’ म्हणून तेवढी मेमरी मागितली, की मशीन गुदमरलंच. ही कल्पनेतली गोष्ट नाही. पीकॅपएनजी या नव्या फाइल प्रकारात सुरुवातीच्या ब्लॉकची लांबी नीट न तपासताच मेमरी मागितली जायची. ही चूक लिबपीकॅपमध्ये होती आणि २०१९ मध्ये १.९.१ आवृत्तीत दुरुस्त झाली. लिबपीकॅप ही टीसीपीडंपच्या पोटातली लायब्ररी, म्हणजे चूक पायातच होती.

तीन प्रकारच्या चुका

बफर म्हणजे डेटा ठेवायला मेमरीत राखलेली ठराविक जागा; मुंबईकराला हे प्लॅटफॉर्मवरून चटकन कळेल. प्लॅटफॉर्म बारा डब्यांचा आणि गाडी आली पंधरा डब्यांची, तर तीन डबे बाहेर राहणार. रेल्वेत कुठली गाडी कुठे थांबेल हे आधीच ठरवलेलं असतं. सी भाषेत ते ठरवणारं कुणी नाही. प्रोग्रामरने स्वतः मोजलं तर मोजलं. नाही मोजलं, तर बाहेरचे तीन डबे शेजारी जे काही असेल त्याच्यावर जाऊन उभे राहतात. मेमरीत त्या शेजारच्या जागेवर कधी ‘हे काम झालं की पुढे कुठे जायचं’ तो पत्ता ठेवलेला असतो. तो पत्ता हल्लेखोराला हवा तसा लिहिता आला, तर प्रोग्राम त्याच्या तालावर नाचू लागतो. हा ओव्हरफ्लो, जागेबाहेर लिहिण्याचा प्रकार. तिघांत सर्वांत वाईट.

दुसरा प्रकार जागेबाहेर वाचण्याचा. फोर्टातल्या झेरॉक्सवाल्याला तुम्ही दहा पानं दिलीत आणि ‘चाळीस आहेत’ म्हणून सांगितलंत. तो न मोजता गठ्ठ्यातून चाळीस काढतो. उरलेली तीस तुमच्या मागे उभ्या असलेल्या माणसाची. २०१४ मध्ये ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीत सापडलेली हार्टब्लीड नावाची चूक तंतोतंत हीच होती: समोरच्याने सांगितलेली लांबी खरी मानून सर्व्हर एका वेळी ६४ केबीपर्यंत स्वतःची मेमरी परत पाठवत असे.

पॅकेट वाचणाऱ्या प्रोग्राममध्ये जागेबाहेर वाचणं हाच प्रकार सर्वाधिक आढळतो, आणि त्याचं गांभीर्य तो प्रोग्राम कुठे चालतोय यावर ठरतं. स्वतःच्या लॅपटॉपवर वायरशार्क चालवताना दोन-चार बाइट जास्तीचे वाचले गेले, तर स्क्रीनवर कचरा दिसेल किंवा प्रोग्राम पडेल. तोच कोड एखाद्या वेब सेवेच्या मागे बसवला, जिथे कुणीही पीकॅप अपलोड करून निकाल पाहू शकतो, की निकालात सर्व्हरच्या मेमरीतला मजकूर छापून येऊ शकतो. कोड तोच, चूकही तीच, पण आधी शिंक होती ती आता न्यूमोनिया झाली. घरगुती वापरासाठी लिहिलेलं साधन उचलून सर्व्हरवर लावणाऱ्यांच्या हे लक्षात येत नाही.

तिसरा प्रकार परत केलेली मेमरी पुन्हा वापरण्याचा. अकरा महिन्यांचं लीव्ह अँड लायसन्स संपलं, भाडेकरू गेला, पण डुप्लिकेट चावी त्याच्याकडेच राहिली. खोलीत आता दुसरं कुटुंब राहतंय आणि हा सरळ दार उघडून आत येतोय. पॅकेटच्या जगात हे तुकडे जोडताना होतं. आयपीचे तुकडे किंवा टीसीपीचे भाग एकत्र लावण्यासाठी आधीची पॅकेटं मेमरीत धरून ठेवावी लागतात. एका तक्त्याने ‘झालं काम’ म्हणून ती जागा सोडली आणि दुसऱ्या तक्त्यात तिचा पत्ता तसाच राहिला, की हा घोळ झाला.

मोजलं होतं, तरी चुकलं

‘लांबी तपासा’ हे सांगायला सोपं आहे. या प्रकरणातला सगळ्यात चिवट भाग असा, की पुष्कळदा तपासणी लिहिलेली असते आणि ती तपासणीच फसते.

समजा हातात एकूण ९६ बाइट आहेत, आपण ४० व्या जागेवर उभे आहोत आणि पॅकेट म्हणतंय ‘पुढचा रकाना ४२९४९६७२८० बाइटचा’. तपासणी अशी लिहिली: जागा + लांबी ही एकूणपेक्षा मोठी असेल तर थांबा. वाचायला अगदी बरोबर वाटते. पण ३२ बिटांच्या आकड्यात ४२९४९६७२९५ च्या पुढे जागाच नसते; जुन्या टॅक्सीच्या मीटरसारखा आकडा फिरून शून्यावर येतो. ४० आणि ४२९४९६७२८० यांची बेरीज तिथे २४ भरते. २४ काही ९६ पेक्षा मोठे नाहीत. तपासणी पास, आणि पुढच्याच ओळीत चार अब्ज बाइट कॉपी करण्याचा हुकूम.

हीच तपासणी वजाबाकीने लिहायची: लांबी ही (एकूण – जागा) पेक्षा मोठी असेल तर थांबा. ९६ – ४० = ५६, आणि समोरचा आकडा ५६ पेक्षा कैक पटींनी मोठा. पकडला. मात्र त्याआधी ‘जागा’ स्वतः ९६ च्या पुढे गेलेली नाही ना, हेही पाहिलेलं हवं. नाहीतर वजाबाकी उलटी फिरते.

ती कशी फिरते तेही पाहा. आयपीच्या हेडरची लांबी ४ बिटांत लिहितात आणि ती ४ बाइटांच्या हिशोबात असते, म्हणजे जास्तीत जास्त १५ × ४ = ६० बाइट. एखाद्याने मुद्दाम हेडर ६० चं सांगितलं आणि अख्ख्या पॅकेटची लांबी मात्र ४० सांगितली. आतला माल किती? ४० – ६० = उणे २०. पण चिन्ह नसलेल्या ३२ बिटी आकड्यात उणे २० म्हणजे ४२९४९६७२७६. पोस्टातला कारकूनसुद्धा म्हणेल, पाकिटापेक्षा आतलं पत्र मोठं कसं? कोडला मात्र हा प्रश्न कुणीतरी शिकवावा लागतो.

आणखी एक गमतीचा नमुना डीएनएसचा, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा आयपी पत्ता सांगणाऱ्या प्रोटोकॉलचा. एकच नाव परत परत लिहायला नको म्हणून डीएनएसमध्ये ‘हे नाव अमुक जागेवर पाहा’ असा दोन बाइटांचा इशारा देता येतो. कुठलंही डीएनएस उत्तर उघडलंत तर ‘सी० ०सी’ हे बाइट दिसतील. अर्थ, १२ व्या जागेवर पाहा. आता कुणी १२ व्याच जागेवर ‘सी० ०सी’ ठेवलं तर? कोड १२ वर जातो, तिथे लिहिलंय १२ वर जा. जन्मभर गोल गोल. हे काम फंक्शनने स्वतःलाच बोलावून केलं असेल तर स्टॅक, म्हणजे अशा बोलावण्यांची नोंद ठेवणारी मेमरी, भरतो आणि प्रोग्राम आपटतो. यावरचा उपाय म्हणजे इशारा मागेच जाणारा हवा, पुढे किंवा जागच्या जागी नको, आणि किती उड्या मारायच्या याला मर्यादा हवी. लांबी शून्य सांगणारे रकानेही याच जातीचे: ‘लांबीइतकं पुढे सरका’ म्हटलं आणि लांबी शून्य, तर सरकणार कुठे?

पाहणाराच बळी

मार्च २००४ मध्ये विटी नावाचा वर्म, म्हणजे स्वतःहून पसरणारा घातक प्रोग्राम, पसरला. तो शिरला आयएसएस कंपनीच्या ब्लॅकआइस आणि रिअलसिक्युअर या सुरक्षेच्या उत्पादनांमधून. या उत्पादनांत आयसीक्यू या तेव्हाच्या चॅटचं पॅकेट तपासणारा भाग होता, आणि त्यात ओव्हरफ्लो होता. अख्खा वर्म एका यूडीपी पॅकेटात मावत असे. त्या पॅकेटचा उगम-पोर्ट (पाठवणाऱ्या बाजूचा दार-क्रमांक) ४००० असला की तपासणारा भाग ते आयसीक्यूचं समजून उघडायचा. त्या मशीनवर आयसीक्यू चालू असण्याची, एखादं पोर्ट उघडं असण्याची काही गरज नव्हती. पॅकेट नजरेखालून गेलं एवढं पुरे होतं. चूक जाहीर झाल्यावर एकाच दिवसात वर्म आला, सुमारे १२ हजार मशीनांपर्यंत पोहोचला आणि डिस्कवर कचरा लिहीत सुटला. ज्यांनी हे फायरवॉल बसवलं होतं तेच सापडले, न बसवणारे सुटले.

टीसीपीडंपचा जन्म १९८० च्या दशकाच्या शेवटी लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेतला. वायरशार्क १९९८ मध्ये गेराल्ड कोम्ब्स यांनी इथरियल या नावाने सुरू केला, २००६ मध्ये नाव बदललं. दोन्ही सी भाषेतले. प्रत्येक प्रोटोकॉल वाचायला वेगळा छोटा प्रोग्राम असतो, त्याला वायरशार्कच्या भाषेत डिसेक्टर म्हणतात. असे डिसेक्टर हजारोंनी आहेत आणि ते जगभरच्या लोकांनी आपापल्या गरजेतून लिहून दिलेले आहेत. त्यातले कित्येक प्रोटोकॉल तुमच्या नेटवर्कवर उभ्या जन्मात दिसणार नाहीत. पण पॅकेट बनवणाऱ्याला ते दिसायला लावता येतात. कोपऱ्यातल्या, कुणी न पाहिलेल्या डिसेक्टरकडे नेणारं पॅकेट बनवणं काही कठीण नाही. सप्टेंबर २०१७ मध्ये टीसीपीडंपची ४.९.२ आवृत्ती आली तेव्हा एका फटक्यात नव्वदच्या आसपास सीव्हीई (जाहीर सुरक्षा-चुकांची यादी) क्रमांकांच्या चुका दुरुस्त झाल्या. बहुतेक सगळ्या जागेबाहेर वाचण्याच्या, वेगवेगळ्या प्रोटोकॉलांच्या कोडमध्ये विखुरलेल्या.

याचा अर्थ ही साधनं निष्काळजीपणे लिहिली आहेत असा कुणी काढू नये. वायरशार्कमध्ये डिसेक्टरने मेमरीला थेट हात लावायचा नसतो. टीव्हीबफ नावाच्या मधल्या थराकडून बाइट मागायचे. तो थर पकडलेली लांबी आणि सांगितलेली लांबी वेगवेगळी सांभाळतो आणि कुणी हद्दीबाहेरचं मागितलं तर तिथेच काम थांबवतो. स्क्रीनवर लाल पट्टीत ‘मालफॉर्म्ड पॅकेट’ दिसतं ते यातूनच. ती ओळ दिसली की नवशिक्यांना वाटतं काहीतरी बिघडलं. खरं तर तपासणी चोख चालल्याची ती खूण आहे. घोटाळा होतो तो वेगासाठी किंवा सोयीसाठी एखादा डिसेक्टर त्या थराकडून कच्चा पॉइंटर (मेमरीतला थेट पत्ता) मागून घेतो आणि पुढची मोजदाद आपल्या हाताने करतो तेव्हा. टीसीपीडंपमध्ये हद्द तपासणाऱ्या मॅक्रो आहेत. त्या जिथे लिहायच्या राहिल्या, तिथे चुका निघाल्या.

रस्टसारख्या भाषेत हद्द तपासायचं काम भाषाच करते. तिथेही जागेबाहेर मागितलं तर प्रोग्राम थांबू शकतो, पण शेजारच्या जागेवर लिहिलं जात नाही. सुरिकाटा या घुसखोरी ओळखणाऱ्या प्रणालीने आपले बरेच प्रोटोकॉल-पार्सर रस्टमध्ये आणले आणि २०१९ च्या ५ व्या आवृत्तीपासून रस्टशिवाय ती बांधताच येत नाही. हे शहाणपणाचं आहे. पण वायरशार्कचे हजारो डिसेक्टर उद्या कुणी रस्टमध्ये लिहून देणार नाही, त्यामुळे सीमधल्या कोडसोबत राहायची सवय ठेवावी लागेल.

चुका शोधतात कशा

मुख्य हत्यार फझिंग. चांगली पीकॅप फाइल घ्यायची, तिचे काही बाइट यादृच्छिक बदलायचे आणि प्रोग्राम पडतो का ते पाहायचं; हजारो-लाखो वेळा. वायरशार्कसोबत येणाऱ्या एडिटकॅपमध्ये यासाठी पर्यायच आहे: त्रुटीचं प्रमाण ०.०२ दिलं की प्रत्येक बाइट बिघडण्याची शक्यता २ टक्के.

एवढ्याने भागत नाही. जागेबाहेर चार बाइट वाचले तर प्रोग्राम बहुधा पडतच नाही, गुपचूप पुढे जातो. म्हणून प्रोग्राम ॲड्रेससॅनिटायझर लावून कंपाइल करायचा. तो प्रत्येक बफरच्या दोन्ही बाजूंना निषिद्ध पट्टा आखतो आणि एक बाइटही तिकडे गेला तर जागीच थांबवून कुठल्या ओळीतून, किती बाइट, वाचले की लिहिले ते छापतो. त्या अहवालात ‘राइट’ शब्द दिसला तर आधी तिकडे धावायचं. ‘रीड’ असेल तर चहा पिऊन आलात तरी चालेल, पण आजच.

फाइल उघडताना

सगळ्यात जास्त दिसणारी चूक: सूडो लावून, म्हणजे मशीनच्या सर्वाधिकारी ‘रूट’ युजरच्या अधिकाराने, वायरशार्क उघडणं. ‘त्याशिवाय इंटरफेस दिसत नाहीत’ हे कारण. वायरशार्कमध्ये पॅकेट पकडायचं काम डंपकॅप हा वेगळा, छोटा प्रोग्राम करतो आणि जादा अधिकार फक्त त्यालाच लागतात. लिनक्सवर आपल्या युजरला वायरशार्क ग्रुपमध्ये घाला, लॉगआउट करून परत या, इंटरफेस दिसतील. हजारो डिसेक्टर रूटच्या अधिकाराने चालवायचं काही कारण उरत नाही.

सर्व्हरवर पकडा, वाचा दुसरीकडे. टीसीपीडंपला डब्ल्यू पर्याय देऊन फाइलमध्ये लिहायला सांगितलं, की तो पॅकेट उलगडत बसत नाही, नुसते बाइट उतरवतो. म्हणजे धोक्याचा कोड प्रॉडक्शन सर्व्हरवर चालतच नाही. स्क्रीनवर छापत ठेवलं तर चालतो.

बाहेरून आलेली किंवा संशयास्पद घटनेतली फाइल असेल तर व्हर्च्युअल मशीन घ्या, नेटवर्क बंद करा, स्नॅपशॉट काढा, मग उघडा. आधी कॅपइन्फोज चालवून पाहा. तो डिसेक्टरांना हात न लावता फाइलचा सांगाडाच वाचतो आणि पॅकेटं किती, स्नॅपलेन किती, कालावधी किती हे सांगतो. फाइल तुटलेली असेल तर तिथेच कळतं. मग वायरशार्कच्या ॲनलाइझ मेनूतल्या ‘एनेबल्ड प्रोटोकॉल्स’मध्ये जाऊन नको ते डिसेक्टर बंद करा. इथरनेट, आयपी, टीसीपी, यूडीपी, टीएलएस आणि डीएनएस एवढ्यावर ॲपचं निम्मं दुखणं कळतं.

आवृत्ती ‘हेल्प’मधल्या ‘अबाउट’मध्ये दिसते. ती वायरशार्कच्या सुरक्षा-सूचनांशी ताडून पाहा. मात्र उबुंटू, डेबियनसारख्या वितरणांत आकडा जुनाच ठेवून दुरुस्ती आत घातलेली असते, तेव्हा तिथे वितरणाची स्वतःची सूचना पाहावी. ऑफिसातल्या स्वतःच्या प्रोटोकॉलसाठी डिसेक्टर लिहायचा असेल तर सीऐवजी लुआ या स्क्रिप्ट-भाषेत लिहा. वायरशार्क ते चालवतो, थोडा हळू चालेल, पण तुमच्या मोजणीतली चूक मेमरीपर्यंत सहसा पोहोचणार नाही.

आणि फाइल उघडताना वायरशार्क पडलाच, तर ती फाइल पुसू नका. कुठल्या पॅकेटवर पडतो ते टीशार्कने (वायरशार्कचं कमांड-लाइन रूप) शोधा, एडिटकॅपने तेवढं एक पॅकेट वेगळं काढा आणि त्यावरही पडतो का पाहा. एकट्यावर पडत नसेल तर बहुधा तुकडे जोडण्यातला घोळ आहे, आधीची पॅकेटंही सोबत लागतील. वायरशार्कच्या गिटलॅबवर कळवताना तक्रार ‘कॉन्फिडेन्शियल’ करून टाका. त्याआधी त्या पॅकेटात कुणाचा पासवर्ड, सेशन कुकी किंवा खातेक्रमांक उघडा पडलेला नाही ना, हे हेक्सच्या उजव्या रकान्यात डोळ्यांनी वाचून घ्या.